हेल्थ अकाउंटमधले पैसे आधी तब्येतीसाठी

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या लोकांना दर वर्षी शरद ऋतूत, ओपन एन्रोलमेंटच्या सुमाराला, एक प्रश्न पडतो: एचएसए घ्यायचं की एफएसए, आणि त्यात किती पैसे टाकायचे? टॅक्सच्या बाजूने या विषयावर भरपूर लिहिलं जातं. मी डॉक्टर आहे, टॅक्स सल्लागार नाही. पण या खात्यांचा परिणाम मला माझ्या पेशंटच्या रक्तदाबात आणि साखरेत दिसतो, म्हणून डॉक्टरच्या बाजूनेही त्याबद्दल लिहायला हवं असं वाटलं.

माझं मत आधीच सांगून टाकते. ही खाती उपचार वेळेवर घेता यावेत म्हणून आहेत. टॅक्स वाचतो ही त्यातली सोय आहे. खात्यातली शिल्लक कमी होऊ नये म्हणून तुम्ही एखादी तपासणी पुढे ढकलत असाल, तर ते खातं तुम्ही उलटं वापरताय. आणि असं करणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात. ते बेफिकीर नसतात. उलट हिशेबी, शिकलेले, संसार नीट चालवणारे असतात.

दोन खाती, दोन वेगळे नियम

नावं सारखी वाटली तरी ही दोन खाती वेगळी आहेत, त्यामुळे आधी थोडक्यात फरक पाहू.

एचएसए म्हणजे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट. २००३ च्या कायद्याने ते आलं आणि २००४ पासून सुरू झालं. यात पैसे टाकायचे तर तुमचा इन्शुरन्स मोठ्या डिडक्टिबलचा, ठरावीक निकषांत बसणारा असावा लागतो. २०२६ साठी हा डिडक्टिबल एकट्या माणसाला किमान १,७०० डॉलर आणि कुटुंबाला किमान ३,४०० डॉलर असा आहे. म्हणजे तेवढी रक्कम भरेपर्यंत बहुतेक खर्च तुमच्या खिशातून. त्या बदल्यात २०२६ मध्ये एकट्यासाठी ४,४०० आणि कुटुंबासाठी ८,७५० डॉलरपर्यंत रक्कम टॅक्स न भरता खात्यात टाकता येते. कंपनी काही टाकत असेल तर तेही याच मर्यादेत धरायचं. वय ५५ झालं की आणखी १,००० डॉलर टाकता येतात. हे पैसे तुमचेच. वर्ष संपलं, नोकरी गेली, कंपनी बदलली, तरी ते तुमच्याबरोबर राहतात. गुंतवताही येतात.

एफएसए म्हणजे फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट. हे कंपनीमार्फत मिळतं, आणि त्याला मोठ्या डिडक्टिबलचा प्लॅन लागत नाही. २०२६ ची मर्यादा ३,४०० डॉलर आहे. याचा एक मोठा फायदा लोकांना माहीतच नसतो: वर्षभरासाठी जी रक्कम ठरवाल ती सगळी पहिल्या दिवसापासून वापरता येते. पगारातून कपात मात्र वर्षभर थोडी थोडी होत राहते. तोटा असा की वर्षअखेर उरलेले पैसे बुडू शकतात. काही कंपन्या २०२६ मधून पुढच्या वर्षात ६८० डॉलरपर्यंत नेऊ देतात, काही अडीच महिन्यांची मुदत वाढवून देतात, काही यातलं काहीच देत नाहीत. तुमच्या कंपनीत काय आहे ते एचआरला विचारा.

वाचतं किती?

समजा, तुमचा फेडरल टॅक्स २२ टक्क्यांच्या टप्प्यात आहे. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात ७.६५ टक्के. म्हणजे साधारण ३० टक्के पगार हातात यायच्या आधीच जातो. १,००० डॉलरचं बिल हातात आलेल्या पगारातून भरायचं, तर त्यासाठी सुमारे १,४२० डॉलर कमवावे लागतात. तेच बिल या खात्यातून भरलंत तर १,००० डॉलरच लागतात. पगार फार मोठा असेल किंवा राज्याचा टॅक्स असेल तर आकडे थोडे बदलतील, पण हिशेब हाच.

एक बारकावा: एचएसएचे पैसे पगारातून कपात होऊन गेले तरच ते ७.६५ टक्के वाचतात. स्वतःच्या बँकेतून भरलेत तर टॅक्स रिटर्नमध्ये इन्कम टॅक्सची सूट मिळते, ही कपात परत मिळत नाही. शक्य असेल तर पगारातूनच कापून घ्या.

कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी या दोन राज्यांत आपले लोक खूप आहेत, आणि नेमकी हीच दोन राज्यं एचएसएला राज्याच्या टॅक्समध्ये सवलत देत नाहीत. तिथे फेडरल फायदा मिळतो, राज्याचा नाही. तरीही बहुतेकांना खातं फायद्याचंच ठरतं.

डिडक्टिबलची धास्ती

आता मूळ मुद्द्याकडे येते.

मोठ्या डिडक्टिबलच्या प्लॅनमागचा विचार असा आहे: माणसाच्या खिशातून पैसे जाऊ लागले की तो विचार करून खर्च करेल, चार ठिकाणी किंमत विचारेल, नको त्या तपासण्या टाळेल. ऐकायला ठीक वाटतं. प्रत्यक्षात काय होतं, याचा अमेरिकेत बराच अभ्यास झाला आहे. रँड संस्थेने १९७० च्या दशकात सुरू केलेल्या मोठ्या प्रयोगात दिसलं की खिशातून पैसे द्यावे लागले की लोक उपचार कमी घेतात. पण गरजेचे आणि बिनगरजेचे, दोन्ही जवळपास सारख्याच प्रमाणात कमी घेतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात एका मोठ्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना पूर्ण मोफत उपचारांच्या प्लॅनमधून मोठ्या डिडक्टिबलच्या प्लॅनमध्ये नेल्यावर काय झालं ते पाहिलं. खर्च सुमारे १२ ते १४ टक्क्यांनी उतरला. पण लोकांनी स्वस्त दवाखाना शोधल्याचा पुरावा मिळाला नाही. त्यांनी उपचारच कमी घेतले, आणि त्यात उपयोगाचे उपचारही होते. लक्षात घ्या, हे कर्मचारी चांगल्या पगाराचे होते आणि कंपनीने त्यांच्या एचएसएमध्ये पैसेही टाकले होते.

मला यात नवल वाटत नाही. कुठली तपासणी गरजेची आणि कुठली नाही, हे सामान्य माणसाने कसं ओळखावं? छातीतली जळजळ जेवणामुळे आहे की हृदयामुळे, हे ठरवायला आम्हालाही ईसीजी आणि रक्ततपासणी लागते. पेशंटने ते घरी बसून, बिलाचा अंदाज घेत ठरवावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

त्यात मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे आजार सुरुवातीला काहीच त्रास देत नाहीत. त्रास नाही म्हटल्यावर पुढे ढकलायला सोपं. गोळी रोजची दिवसाआड होते. लघवीतलं प्रोटीन तपासायचं राहून जातं. डोळ्यांचा पडदा पुढच्या वर्षी बघू, असं होतं. मधुमेहामुळे पडद्याला होणारी इजा नजर अधू होईपर्यंत कळतही नाही, आणि कळते तेव्हा गेलेली नजर पूर्ण परत आणता येईलच असं नसतं. त्यात आपण भारतीय वंशाचे. मधुमेह आपल्याला कमी वजनावर आणि कमी वयात गाठतो. म्हणूनच अमेरिकन डायबिटीस असोसिएशन आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी बीएमआय २३ पासूनच करायला सांगते, इतरांसाठी ती रेषा २५ आहे. आपल्याला वाट बघणं परवडत नाही.

"एचएसएला हात लावू नका" या सल्ल्याबद्दल

आपल्या मित्रमंडळींत एक सल्ला फिरत असतो: एचएसएला हात लावू नका. पैसे आत जाताना टॅक्स नाही, वाढताना टॅक्स नाही, उपचारासाठी काढताना टॅक्स नाही. तेव्हा ते शेअर बाजारात गुंतवा, आजचा खर्च खिशातून करा आणि पावत्या जपून ठेवा. कायद्यात परताव्याला मुदत नाही, त्यामुळे खातं उघडल्यानंतरच्या खर्चाचे पैसे वीस वर्षांनीही काढता येतात.

हा सल्ला टॅक्सच्या दृष्टीने चुकीचा नाही. माझी हरकत वेगळी आहे. या सल्ल्याचं पहिलं वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहतं आणि दुसरं विसरलं जातं. "हात लावू नका" एवढं कानात बसतं. "आजचा खर्च खिशातून करा" हे मात्र होत नाही, कारण खिशात घराचा हप्ता, मुलांच्या क्लासची फी आणि भारताची तिकिटं आधीच रांगेत असतात. मग खात्यात हजारो डॉलर पडून असताना माणूस फिजिओथेरपीच्या आठ सत्रांपैकी तीनच करतो, कारण "बाकीचं घरी करीन". सहा महिन्यांनी खांदा आणखी आखडलेला असतो.

पावती जपून ठेवायची तर आधी उपचार व्हायला हवेत. न केलेल्या तपासणीची पावती मिळत नाही.

म्हणून माझ्या पेशंटना मी एक साधी कसोटी सांगते. एखादी तपासणी किंवा औषध खर्चामुळे पुढे ढकलावंसं वाटलं, तर त्याच क्षणी ते एचएसएमधून भरायचं. वाद नाही. गुंतवणुकीचं स्वप्न बाजूला. ज्यांना खिशातून सहज भरता येतं आणि जे खरोखर भरतात, त्यांनी खुशाल गुंतवावं. तरीही वर्षाच्या डिडक्टिबलएवढी रक्कम बाजारात न घालता रोख ठेवावी. आजारपण बाजार वर असतानाच येईल याची खात्री नसते.

जे आधीच मोफत आहे ते तरी घ्या

डिडक्टिबलला घाबरून लोक फुकट मिळणाऱ्या गोष्टीही सोडतात, याचं मला जास्त वाईट वाटतं. बहुतेक प्लॅनमध्ये नेटवर्कमधल्या डॉक्टरकडे प्रतिबंधक तपासण्यांना डिडक्टिबल लागत नाही. वार्षिक तपासणी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वयाच्या ४५ पासून मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी, ४० पासून मॅमोग्राम, गर्भाशयमुखाची तपासणी, शिफारस केलेल्या लसी, हे सगळं यात येतं.

ज्यांना आजार आधीच आहे त्यांच्यासाठीही एक सवलत आहे. २०१९ मध्ये आयआरएसने एचएसएच्या प्लॅनना परवानगी दिली की काही जुनाट आजारांत ठरावीक औषधं आणि तपासण्या डिडक्टिबलच्या आधीच द्यायला हरकत नाही. मधुमेह असेल तर ए-वन-सी, रेटिनाची तपासणी, ग्लुकोमीटर. रक्तदाब असेल तर घरी मोजायचं यंत्र. दमा असेल तर इनहेलरमधली स्टेरॉइड. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर स्टॅटिन. पण ही परवानगी आहे, सक्ती नाही. काही प्लॅन देतात, काही देत नाहीत. इन्शुरन्स कार्डच्या मागच्या नंबरवर फोन करा आणि सरळ विचारा: "माझ्या प्लॅनमध्ये डिडक्टिबलच्या आधी मिळणाऱ्या औषधांची यादी आहे का?" दहा मिनिटांचं काम आहे.

वार्षिक तपासणीबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते. तपासणी मोफत असली तरी त्या वेळी एखाद्या नव्या तक्रारीची चिकित्सा झाली, तर तिचं वेगळं बिल येऊ शकतं. हे कळल्यापासून काही पेशंट तक्रार सांगायचंच टाळतात. "सगळं ठीक आहे डॉक्टर" म्हणतात आणि दाराशी पोचल्यावर हळूच पायाच्या बधिरपणाचा विषय काढतात. कृपा करून असं करू नका. बिल आलं तर ते भरायलाच तर हे खातं आहे.

काय चालतं, काय चालत नाही

नियमांचा गाभा सोपा आहे. आजाराचं निदान, उपचार, प्रतिबंध यासाठीचा खर्च चालतो. नुसत्या एकंदर तंदुरुस्तीसाठीचा किंवा दिसण्यासाठीचा खर्च चालत नाही. खाली आपल्या घरांत नेहमी येणारे प्रश्न देते.

*चष्मा, दात, कान:* नंबरचा चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स, रूट कॅनॉल, ब्रेसेस, श्रवणयंत्र, सगळं चालतं. दात पांढरे करून घेणं चालत नाही.

*मेडिकलच्या दुकानातली औषधं:* २०२० च्या केअर्स कायद्यापासून ताप, ॲलर्जी, ॲसिडिटीची औषधं प्रिस्क्रिप्शनशिवाय घेतली तरी चालतात. सॅनिटरी पॅडही चालतात.

*च्यवनप्राश, व्हिटॅमिन, प्रोटीन पावडर:* शक्ती यावी म्हणून घेत असाल तर नाही. एखाद्या निदान झालेल्या आजारावर उपचार म्हणून डॉक्टरने सांगितलेलं पूरक औषध असेल तर चालू शकतं, त्यासाठी डॉक्टरचं पत्र घेऊन ठेवा. जिमची फी सर्वसाधारणपणे चालत नाही.

*पुण्यात केलेले दात:* अमेरिकेबाहेर घेतलेले उपचारही पात्र असतात, जर ते अमेरिकेत घेतले असते तर पात्र ठरले असते. सुट्टीत पुण्याला किंवा कोल्हापूरला जाऊन रूट कॅनॉल केलंत तर त्याचे पैसे एचएसएमधून काढता येतात. पावतीवर पेशंटचं नाव, तारीख, उपचार आणि रक्कम स्पष्ट लिहून घ्या. औषधांची गोष्ट वेगळी: तिथे विकत घेऊन तिथेच घेतलेलं, दोन्ही देशांत कायदेशीर असलेलं औषध चालतं. बॅगेत भरून आणलेला सहा महिन्यांचा साठा सहसा चालत नाही.

*आईवडील:* हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांचा खर्च एचएसएमधून करता येतो का? सहसा नाही, कारण टॅक्सच्या नियमांत ते तुमच्यावर अवलंबून मानले जात नाहीत. त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्सचा हप्ताही चालत नाही. ग्रीन कार्डावर तुमच्याकडे राहणाऱ्या आणि ज्यांचा निम्म्याहून अधिक खर्च तुम्ही करता अशा आईवडिलांचं उत्तर वेगळं असू शकतं, ते टॅक्स सल्लागाराला विचारा.

*मोठी मुलं:* इथे बरेच लोक फसतात. मुलगी २६ वर्षांची होईपर्यंत तुमच्या इन्शुरन्सवर राहू शकते, पण ती टॅक्सच्या दृष्टीने तुमच्यावर अवलंबून नसेल तर तिचा खर्च तुमच्या एचएसएमधून करता येत नाही. एफएसएमध्ये मात्र ती २६ वर्षांची होते त्या वर्षाच्या अखेरपर्यंत करता येतो.

*इन्शुरन्सचा हप्ता:* एरवी नाही. पण नोकरी गेल्यावरचा कोब्राचा हप्ता एचएसएमधून भरता येतो. एच-१बी वर असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. नोकरी गेली की व्हिसाच्या काळजीत इन्शुरन्स सुटू देऊ नका. एफएसएचे उरलेले पैसे मात्र नोकरीबरोबर सहसा जातात.

एचएसएमधून चुकीच्या कारणासाठी पैसे काढले तर ६५ वर्षांच्या आत त्यावर इन्कम टॅक्स आणि वर २० टक्के दंड बसतो. ६५ नंतर दंड नाही, टॅक्स आहे. एचएसएचं कार्ड पावती मागत नाही, पण आयआरएस मागू शकतं. प्रत्येक पावतीचा फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवा, तेवढं पुरे.

एफएसएवाल्यांनो, डिसेंबरची वाट बघू नका

एफएसएचे पैसे बुडतील म्हणून डिसेंबरात लोक जे सापडेल ते विकत घेतात. तिसरा चष्मा, मसाज गन, पाच वर्षं पुरेल इतकं सनस्क्रीन. तेच पैसे जानेवारीपासून वापरता आले असते. जानेवारीतच सगळी रक्कम उपलब्ध असते, तेव्हा रखडलेला दाताचा कॅप, झोपेत घोरण्याची तपासणी, गुडघ्याची फिजिओथेरपी वर्षाच्या सुरुवातीलाच लावून टाका. वर्षभरात कुटुंबात काय काय होणार आहे याची यादी ओपन एन्रोलमेंटच्या आधी करा आणि तेवढीच रक्कम ठरवा. अंदाज थोडा कमीच ठेवा. तहान लागल्यावर विहीर खणायची सवय इथे महागात पडते, कारण वर्षाच्या मध्यात रक्कम बदलायला लग्न, बाळाचा जन्म असं काही कारण लागतं.

मोठ्या डिडक्टिबलचा प्लॅन प्रत्येकासाठी नाही

हे मी स्पष्टच सांगते. एचएसए मिळावं म्हणून प्लॅन निवडू नका. तुम्हाला महागडं इंजेक्शन चालू असेल, बाळ येणार असेल, ऑपरेशन ठरलं असेल, तर दोन्ही प्लॅनचा वर्षाचा पूर्ण हिशेब मांडा: हप्ता, डिडक्टिबल, खिशातून जाणारी कमाल रक्कम, आणि कंपनी एचएसएमध्ये टाकते ते पैसे. कधी मोठ्या डिडक्टिबलचा प्लॅनच स्वस्त निघतो, कधी नाही. आणि स्वतःचा स्वभावही हिशेबात धरा. बिलाच्या भीतीने डॉक्टरकडे जायचं टाळण्याची तुमची सवय असेल, तर थोडा महाग पण ठरावीक कोपे असलेला प्लॅन तब्येतीला बरा. ही कमजोरी नाही, स्वतःची ओळख आहे.

दोन खाचखळगे जाता जाता. नवऱ्याने किंवा बायकोने आपल्या कंपनीत साधं एफएसए घेतलं असेल, तर तुम्हाला एचएसएमध्ये पैसे टाकता येत नाहीत. फक्त दात आणि डोळ्यांपुरतं मर्यादित एफएसए असेल तर चालतं. आणि मेडिकेअर सुरू झालं की एचएसएमध्ये पैसे टाकणं बंद करावं लागतं. ६५ नंतर उशिरा अर्ज केला तर पार्ट ए सहा महिन्यांपर्यंत मागच्या तारखेपासून लागू होतो, म्हणून कपात त्या हिशेबाने आधीच थांबवा. आधी साठलेले पैसे मात्र नंतरही वापरता येतात. कायमचे भारतात परतलात तरी ते खातं तुमचंच राहतं. तिकडचे रहिवासी झाल्यावर परदेशातली खाती विवरणपत्रात दाखवावी लागतात, ते तिथल्या सीएशी बोला.

शेवटी

ही खाती म्हणजे आरोग्यव्यवस्थेच्या दुखण्यावरचा इलाज आहे असं मी मानत नाही. २२ टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला १,००० डॉलरमागे सुमारे २९६ डॉलर वाचतात, १२ टक्क्यांच्या टप्प्यातल्याला सुमारे १९७. ज्याच्याकडे महिनाअखेर काही उरतच नाही, त्याला काहीच वाचत नाही, कारण टाकायला पैसेच नसतात. सवलतीचा मोठा भाग ज्यांना गरज कमी त्यांनाच मिळतो, आणि हे मला पटत नाही. खात्यात पैसे नसतील तर गप्प बसू नका. रोख किंमत किती ते विचारा. बिनव्याजी हप्ते मागा, आणि ते हप्ते पुढे एचएसएमध्ये पैसे येतील तसे भरा. ना-नफा हॉस्पिटलांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, त्याचा अर्ज मागून घ्या. मागण्यात कमीपणा नाही.

पण ज्यांच्या खात्यात आज पैसे आहेत, त्यांना माझं सांगणं एवढंच आहे. आज संध्याकाळी खातं उघडून शिल्लक बघा. मग कागदावर लिहा, खर्चामुळे कोणती तपासणी, कोणतं औषध, घरातल्या कोणाचा कोणता उपचार मागे राहिला आहे. घरात एकमेकांनाही विचारा, कारण बरेचदा आईच आपलं दुखणं सगळ्यात शेवटी सांगते. त्या यादीतली पहिली अपॉइंटमेंट उद्या सकाळी फोन करून घ्या. शिल्लक थोडी कमी होईल. त्यासाठीच ती ठेवली होती.